गेट सुटले, टेबल उरले

1951 च्या फेब्रुवारीत मॉस्कोत स्टालिनसमोर चार भारतीय कम्युनिस्ट बसले होते: अजय घोष, श्रीपाद अमृत डांगे, चंद्र राजेश्वर राव आणि माकिनेनी बसवपुन्नय्या. तेलंगणातली बंदूक खाली ठेवायची की नाही, हे भांडण घरात मिटेना म्हणून चौघे लपतछपत इतक्या लांब आले होते. राव आणि बसवपुन्नय्या हे आंध्रवाले बंदुकीच्या बाजूचे. घोष आणि डांगे तिच्या विरोधातले. कौल दुसऱ्या जोडीकडे झुकला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेलंगणातला सशस्त्र लढा मागे घेतला गेला. पुढे 1962 मध्ये घोष वारले. 1964 मध्ये बसवपुन्नय्या डांग्यांवर आरोप करीत बाहेर पडले आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांत जाऊन बसले. राजेश्वर राव मात्र डांग्यांसोबत जुन्याच पक्षात राहिले. 1981 मध्ये डांग्यांची त्या पक्षातून हकालपट्टी झाली तेव्हा सरचिटणीसपदावर हेच राजेश्वर राव होते.

डांग्यांच्या घसरणीबद्दल बोलायला बसले की आपली गाडी हमखास तीन स्टेशनांवर थांबते: 1924 ची ती पत्रे, काँग्रेसची पालखी आणि लेक-जावई. मला ही तिन्ही स्टेशने गौण वाटतात. पक्ष माणसाला काढतो तेव्हा तो आधीच कुठून तरी पडलेला असतो. डांगे दिल्लीत पडण्याच्या कितीतरी आधी परळ-लालबागला पडले होते. आणि ज्या गुणाने त्यांना वर चढवले त्यानेच त्यांना खाली आणले, असे माझे म्हणणे आहे. समोर जे आहे, ते कितीही परके किंवा विरोधी दिसो, त्यात आपल्या कामाचे काहीतरी शोधून काढणे, हा तो गुण. कामगार पुढाऱ्याला याच्याइतके दुसरे काही उपयोगी पडत नाही. मात्र आपण शोधलेले खरे की मनाचे खेळ, हे वेळोवेळी तपासून देणारे कोणी लागते. डांग्यांना ते गिरणीच्या गेटवर मिळाले होते.

हे गेट त्यांच्या वाट्याला आले ते काही जन्माने नव्हे. निफाड तालुक्यातल्या करंजगावचा 1899 सालचा जन्म, ब्राह्मण घर, मुंबईत विल्सन कॉलेज, तिथे बायबलच्या सक्तीविरुद्ध चळवळ, टिळकांच्या राजकारणाची ओढ. या पोराने एकविसाव्या वर्षी, 1921 मध्ये, ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही इंग्रजी पुस्तिका लिहिली. मार्क्सचे फारसे काही तेव्हा हिंदुस्थानात मिळत नव्हते, आणि पुस्तिकेत ते जाणवते. पण रणछोडदास लोटवाला या धनिकाला ती आवडली, त्याने या तरुणाला आधार दिला आणि 1922 मध्ये ‘सोशालिस्ट’ साप्ताहिक निघाले. कम्युनिझमची पहिली रसद एका पीठगिरणीच्या मालकाच्या खिशातून यावी, हा योगायोग नंतरच्या साऱ्या कहाणीला शोभणारा. 1924 मध्ये कानपूर बोल्शेविक कट खटल्यात मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्ता यांच्याबरोबर डांग्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. सुटून आले तेव्हा ते ‘खटल्यातले डांगे’ झाले होते, आणि गिरणगावात काहीतरी शिजत होते.

1928 चा संप नीट पाहिला पाहिजे, कारण डांगे खऱ्या अर्थाने तिथे घडले. ससून समूहाच्या गिरण्यांत एकेका विणकराला जास्त साचे द्यायचे, माणसे कमी करायची, अशी नवी पद्धत आली होती. शिवाय दर कापले जात होते. 26 एप्रिलला मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, त्या 6 ऑक्टोबरपर्यंत. सुमारे दीड लाख कामगार साडेपाच महिने बिनपगारी. ज्यांनी चाळीतली खोली, खाणावळ आणि वाण्याची उधारी हे त्रिकूट पाहिले आहे त्यांना या साडेपाच महिन्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. मे महिन्यात गिरणी कामगार युनियनची नोंदणी झाली. अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे, स्वतः गिरणीतले कामगार, सरचिटणीस डांगे. वर्ष संपता संपता लाल बावट्याचे सभासद 50 हजारांच्या वर गेले होते.

एवढे लोक भाषणाला भुलून आले नव्हते. गिरणीत नोकरी देणारा आणि काढणारा जॉबर होता. गावाकडची ओळख, चाळीतली खोली, सावकार या सगळ्यांच्या गाठी त्याच्या हातात. जुन्या संघटना त्याच्यामार्फत चालत. नव्या युनियनने गिरणी-गिरणीत समित्या नेमल्या. त्या थेट वर्गणी गोळा करीत, खात्यातल्या तक्रारी खात्यातच ऐकत. रत्नागिरीच्या माणसाला रत्नागिरीच्याच माणसाने गोळा करायचे, ही जॉबरचीच युक्ती. तिच्यातून युनियन उभी राहिली. समोरच्यातले आपल्या कामाचे शोधण्याचा गुण तो हाच. आणि डांगे यात एकटे नव्हते: आळवे होते, कासले होते, मिरजकर, घाटे, निंबकर, जोगळेकर होते. आळवे आणि कासले हे गिरणीतले लोक नसते तर कॉलेजातून आलेल्या या मंडळींना गेटवर कोणी विचारले असते, मला शंका आहे. संपाच्या कमिटीत ना. म. जोशींसारखे मवाळही होते. त्यांच्याबरोबर बसायचे आणि गेटवर त्यांच्या डावीकडे उभे राहायचे, ही कसरत डांग्यांना छान जमे.

या संपात एक गोष्ट मात्र अडखळली. साचेखात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या विणकामात, दलित कामगारांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि तो धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागलेला. विटाळाचे निमित्त त्यात होते. ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, असा आग्रह डॉ. आंबेडकरांना धरावा लागला आणि युनियनने ती ओढूनताणून घेतली. मालकांनी बोट दाखवले ते सवर्ण कामगारांकडेच. ही बाब मालकांनी खोडसाळपणे वापरली हे खरे, पण ती खोटी नव्हती. ज्या गेटवर डांगे स्वतःला तपासून घेत होते त्याची एक फळी पहिल्यापासून बंद होती.

1929 च्या मार्चमध्ये मीरत कटाच्या अटकसत्रात 31 जणांना उचलण्यात आले, त्यात डांगे आणि आळवेही. त्या वर्षीचा दुसरा संप फसला आणि सभासदसंख्या धाडकन खाली आली. 1933 मध्ये डांग्यांना बारा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अपिलात ती तीन वर्षांवर आली. मीरतने त्यांना देशभर नाव दिले, आणि गेट एका वर्षात हातचे जाते हेही दाखवून दिले. हे दुसरे त्यांच्या किती ध्यानात राहिले, कोण जाणे.

पुढची वर्षे भरभर ओलांडता येतील: युद्धकाळातली पक्षाची कोलांटी, 1946 मध्ये मुंबई विधानसभा, रणदिवे पक्षाचे सरचिटणीस असतानाचा तुरुंग, मॉस्कोची ती बैठक. थांबायचे ते 1952 च्या निवडणुकीपाशी. उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात डॉ. आंबेडकर राखीव जागेवर उभे होते, समाजवादी अशोक मेहता त्यांच्या जोडीला. डांगे सर्वसाधारण जागेवर. मतदाराला दोन मते होती. आंबेडकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले, आणि सुमारे 74 हजार मते बाद ठरली. ‘दुसरे मत वाया घालवा’ असा प्रचार डांग्यांच्या बाजूने झाल्याची तक्रार करत आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक अर्ज केला. तो फेटाळला गेला. डांगेही त्या निवडणुकीत पडले. कायद्याने काय ठरले ते बाजूला ठेवले तरी दलित वस्त्यांच्या स्मरणात हा हिशोब राहिला, आणि बावीस वर्षांनी तो पुन्हा समोर आला.

मधल्या काळात मात्र डांग्यांचे शिखर येते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. एस. एम. जोशी, अत्रे, प्रबोधनकार, अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांच्या मेळ्यात डांगे होते आणि त्यांच्याइतके थंड डोके दुसऱ्या कोणाचे नव्हते. जे पक्ष एरवी एकमेकांच्या सावलीला उभे राहत नसत ते संयुक्त महाराष्ट्र समितीत टिकवून धरण्यात त्यांचा मोठा वाटा होता. भाषा हा भांडवलदारांचा प्रश्न आहे, असे म्हणणारे पोथीनिष्ठ त्यांच्याच पक्षात होते. डांग्यांनी ओळखले की मुंबईत मराठी कोण बोलतो या प्रश्नाचे उत्तर ‘गिरणीतला माणूस’ हे आहे. भाषा आणि वर्ग इथे एकाच चाळीत राहतात. 1957 मध्ये मुंबईने त्यांना मोठ्या मताधिक्याने लोकसभेत पाठवले. 1 मे 1960 ला राज्य झाले.

राज्य झाले, आणि भाषा व वर्ग यांची चाळ वेगळी झाली. मराठीपण उरले, त्याला धरून ठेवणारा लाल धागा सुटला. 1966 मध्ये शिवसेना निघाली. डिसेंबर 1967 मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या कार्यालयावर शिवसैनिकांनी हल्ला केला. जून 1970 मध्ये लालबागला कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, आणि त्यांच्या रिकाम्या जागेच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना हरवून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. ज्या गल्ल्यांत समितीच्या सभा झाल्या त्याच गल्ल्या. हे डांग्यांनी पेरले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण समितीत जमलेली माणसे उद्या कशासाठी एकत्र राहतील, याचे उत्तर त्यांच्यापाशी तयार नव्हते.

तयार का नव्हते, याचे कारण दिल्लीत आहे आणि एका कायद्यात आहे. 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक’ संघटना, मालकाशी बोलायचा अधिकार तिलाच. गिरण्यांत तो मान काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाला, आणि तिथून कोणाला काढता आला नाही. डाव्यांची मुंबई गिरणी कामगार युनियन मोठी झाली, संप करू शकली, पण टेबलावर बसायचा कागद मजदूर संघाकडे. म्हणजे गिरणगावात कामगाराचा रोजचा शत्रू नुसता मालक नव्हता. काँग्रेसच्या सरकारने कायद्याने बसवलेली काँग्रेसचीच संघटना होती.

आता दिल्लीत पाहा. 1962 मध्ये घोषांच्या मृत्यूनंतर डांगे पक्षाचे अध्यक्ष झाले, नंबुद्रिपाद सरचिटणीस. दोन गटांची तडजोड. ऑक्टोबरात चीनचे युद्ध झाले आणि डांग्यांनी पक्षाला नेहरूंच्या पाठीशी उभे केले. माझ्या मते ते बरोबर होते. पण त्याबरोबर एक सिद्धांतही पक्का झाला: काँग्रेसमध्ये पुरोगामी भांडवलदार आहेत, त्यांना प्रतिगामी भांडवलदारांविरुद्ध बळ द्यायचे. दिल्लीच्या नकाशावर हे पटण्यासारखे होते. सार्वजनिक उद्योग, सोव्हिएत मैत्री, 1969 चे बँक राष्ट्रीयीकरण. परळच्या नाक्यावर त्याच काँग्रेसचा अर्थ मजदूर संघ असा होता. तिथे पुरोगामी कोण आणि प्रतिगामी कोण, हे कामगाराला कसे समजावायचे?

1964 ची फूट या नजरेने पाहिली तर तिचे नाट्य कमी होते. त्या वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या एका साप्ताहिकात डांग्यांची म्हणून काही पत्रे छापून आली. 1924 मध्ये तुरुंगातून त्यांनी सरकारला सहकार्य देऊ केले, असा त्यांचा आशय. डांग्यांनी ती बनावट ठरवली. एप्रिलच्या राष्ट्रीय परिषदेत, या पत्रांची चर्चा होताना डांग्यांनी खुर्ची सोडावी ही मागणी मान्य होईना तेव्हा 32 सदस्य उठून गेले. मराठी माणसाला या वादात रस फार, कारण तो खून-खटल्यासारखा रंगतो. पण बाहेर पडलेल्यांना बंगाल आणि केरळ मिळाले, गिरणगाव त्यांनाही मिळाले नाही. पत्रे खरी असोत की खोटी, लालबागमध्ये पुढे जे झाले ते त्यांच्यामुळे झाले नाही.

समोरच्यात आपल्या कामाचे शोधायची सवय त्यांच्या लेखनातही होती. याच डांग्यांनी 1949 मध्ये प्राचीन भारतावर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्यात वैदिक यज्ञात आदिम साम्यवाद शोधला होता. दामोदर धर्मानंद कोसंबींनी भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात त्या पुस्तकाची चिरफाड केली. कोसंबींची तक्रार अशी की आधी सूत्र ठरवले आणि मग वेदांतून पुरावे वेचले. मला ही टीका इतिहासाच्या पुस्तकापुरती वाटत नाही. डांग्यांचा संस्कृतचा आणि महाभारताचा व्यासंग खरा होता, परंपरा टाकून मार्क्सवाद इथे रुजणार नाही ही जाणही खरी होती. पण वेदांना गेट नसते, ते उलट उत्तर देत नाहीत. नेहरू-इंदिरांच्या काँग्रेसमध्ये समाजवाद शोधताना त्यांनी तीच पद्धत वापरली, आणि तोवर त्यांना खोडून काढणारे आळवे जवळ नव्हते. 1974 मध्ये जावई बानी देशपांडे यांच्या वेदान्तावरच्या पुस्तकाला त्यांनी प्रस्तावना लिहिली आणि पक्षाने डोक्याला हात लावला. पंचवीस वर्षे आधी हाच डाव त्यांनी खेळला होता, तेव्हा पक्ष गप्प होता.

त्याच 1974 च्या जानेवारीत मध्य-दक्षिण मुंबईची पोटनिवडणूक झाली. डांग्यांच्या कन्या रोझा देशपांडे उभ्या होत्या, समोर काँग्रेसचे रामराव आदिक आणि त्यांच्या मागे शिवसेना. दलित पँथरने मतदानावर बहिष्कार घातला. वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली. रोझाताई निवडून आल्या. विजय होता, आणि डांग्यांच्या घराचा गिरणगावातला तो जवळजवळ शेवटचा विजय. पण ज्या कामगार वस्तीच्या नावाने तो मिळाला तिचा एक मोठा भाग मतपेटीकडे फिरकला नव्हता. 1928 च्या धोट्याचा धागा इथपर्यंत येतो.

मग आणीबाणी. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने तिला पाठिंबा दिला. एकट्या डांग्यांनी नव्हे, पक्षाने. केरळात अच्युत मेनन काँग्रेसच्या साथीने सरकार चालवत होते. राजेश्वर राव सरचिटणीस होते. सप्टेंबर 1975 मध्ये वटहुकूम निघाला आणि कामगारांचा किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आला. पुरोगामी भांडवलदारांचा सिद्धांत गिरणी कामगाराला दिवाळीत, हातात पडलेल्या रकमेच्या रूपाने कळला. याच्यापुढे गेटवर कसले भाषण करणार? 1928 चे डांगे असते तर त्यांनी 4 आणि 8.33 या दोन आकड्यांवर सहा महिने मुंबई बंद ठेवली असती.

1978 मध्ये भटिंड्याच्या अधिवेशनात पक्षाने आणीबाणीला दिलेला पाठिंबा चूक ठरवला. डांग्यांना ते मान्य झाले नाही, ते इंदिरा गांधींच्या बाजूने बोलत राहिले. रोझाताईंनी वेगळा पक्ष काढला, आणि 1981 मध्ये डांगे हाकलले गेले. इथे मला त्यांच्याबद्दल कीव न येता आदर वाटतो, जरी ते चुकत होते. पक्षाने जे एकमताने केले त्याचे ओझे एका एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या पाठीवर टाकून बाकीचे हलके झाले. आत्मटीका हा कम्युनिस्ट पक्षांचा मोठा गुण मानतात. ती बहुधा दुसऱ्याच्या नावाने केली जाते. डांगे निदान आपल्या चुकीशी प्रामाणिक राहिले. अर्थात वीस वर्षांपूर्वी हाच हट्ट त्यांनी मजदूर संघाच्या विरोधात धरला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, हेही म्हटलेच पाहिजे.

हकालपट्टीच्याच वर्षी, 1981 च्या दिवाळीत, बोनसवरून चिडलेले गिरणी कामगार घाटकोपरला दत्ता सामंत यांच्या घरी गेले. सामंत डॉक्टर, काँग्रेसचे आमदार राहिलेले, कोणताच सिद्धांत नसलेले. आणीबाणीत काँग्रेसमध्ये असूनही तुरुंगात गेलेले. कामगार दळवी बिल्डिंगकडे गेले नाहीत, ही त्या वर्षीची खरी बातमी. दिल्लीतला ठराव तिच्यापुढे काहीच नव्हे. 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांना हवे होते काय? पगारवाढ, आणि 1946 चा कायदा मोडून मजदूर संघाला त्या खुर्चीवरून उठवणे. दुसरी मागणी डांग्यांचीच, तीस वर्षांची जुनी. ती घेऊन जाणारा माणूस आता दुसरा होता आणि त्याचाही पराभव झाला. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांचे भोंगे एकेक करून आपोआप थांबले.

गिरण्या मरणारच होत्या, असे म्हणणारे अर्थशास्त्री आहेत. यंत्रमाग, जुनी यंत्रे, जमिनीचे भाव, हे सगळे खरे. कोणत्याही नेत्याने ते थांबवले नसते. डांग्यांकडून कोणी ते मागतही नव्हते. कामगाराला हवा होता तो त्याच्या बाजूने मोठ्याने भांडणारा माणूस, आणि डांगे तोवर इतक्या टेबलांवर बसले होते की भांडणाच्या आवाजाची सवय गेली होती. 1984 मध्ये ते शिवसेनेच्या अधिवेशनात पाहुणे म्हणून गेले आणि तुमच्याकडे सिद्धांत नाही, असे त्यांनी शिवसैनिकांना ऐकवले. ज्यांच्या माणसांनी दळवी बिल्डिंग फोडली त्यांच्याच मंचावर, आणि बोलणे मास्तरांचे. जुन्या कॉम्रेडांना ते असह्य झाले. मला त्यात तोच जुना डांगे दिसतो: समोर काय आहे ते पाहायचे, आपल्या कामाचे त्यात काही आहे का ते शोधायचे, आणि मागे कोण उभे आहे हे पाहायला मात्र विसरायचे.

22 मे 1991 ला डांगे मुंबईत वारले, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी. आदल्या रात्री श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली होती. ज्या घराण्याच्या बाजूने उभे राहण्यापायी त्यांनी आपला पक्ष गमावला, त्याच घराण्याच्या शोकात त्यांच्या जाण्याची बातमी बुडून गेली.